घर सोडलेल्यांचे घर : सावित्रीबाई फुले



३ जानेवारीला आपण शाळेत सावित्रीबाईंची जयंती साजरी करतो. मुलींच्या भाषणात पहिली शाळा असते, अंगावर झेललेलं शेण असतं. पण एक गोष्ट बहुतेक वेळा राहूनच जाते. ती आज सांगतो.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी त्यांचे लग्न झाले. शिकवण्याचे प्रशिक्षण त्यांनी आपल्या नगरला, मिस फरार यांच्याकडे घेतले. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. लोकांनी सासऱ्यांवर दडपण आणले आणि १८४९ मध्ये गोविंदरावांनी दोघांना घराबाहेर काढले. डोक्यावरचं छप्पर जाणं म्हणजे काय, हे सावित्रीबाईंना अठराव्या वर्षीच कळलं.

त्या काळी लहानपणीच विधवा झालेल्या मुली घरात राबत. नात्यातल्या नाहीतर ओळखीच्या पुरुषाने फसवले आणि दिवस गेले, की सगळा दोष तिच्याच माथी. मग विषारी औषध, विहीर किंवा जन्मलेल्या बाळाचा जीव घेणे, एवढेच रस्ते उरत. पुण्यात अशाच एका तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा फक्त तिला झाली.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी काढली. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

१८६८ मध्ये नायगावला असताना एक प्रसंग घडला. ब्राह्मण तरुण गणेश आणि महार समाजातील गरोदर शारजा यांना गावकरी मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, सरकारी कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवले.

१८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्चला त्या गेल्या.

मुलगी घर सोडून गेली की आपण पहिल्यांदा विचारतो, ती गेली कुणाबरोबर? सावित्रीबाईंनी आसरा देताना असं काही विचारलं नाही. घरात मार, संशय, जबरदस्तीचं लग्न किंवा त्याहून वाईट काही असेल, तर बाहेरचा अंधारही तिला बरा वाटतो. वर्गातली बोलकी मुलगी एकाएकी गप्प झाली, गैरहजर राहू लागली, तर आधी तिच्याजवळ बसा. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा. तिला पळून जावं लागण्याआधी कुणीतरी विचारलेलं बरं, नाही का?