हेमंत करकरे

हेमंत कमलाकर करकरे (१२ डिसेंबर १९५४ – २६ नोव्हेंबर २००८) हे भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी व महाराष्ट्र पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाचे (एटीएस) प्रमुख होते. मुंबईवरील हल्ल्यात त्यांना वीरमरण आले.

जीवन व शिक्षण

करकरे यांचे प्राथमिक शिक्षण वर्धा येथे झाले. पुढील शिक्षण नागपुरात घेऊन त्यांनी १९७५ साली तेथील विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. काही काळ हिंदुस्थान लिव्हरमध्ये नोकरी केल्यानंतर १९८२ साली ते पोलीस सेवेत दाखल झाले.

कारकीर्द

नक्षलवादाची झळ पोहोचलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात ते पोलीस अधीक्षक होते. तेथील वनात मिळणाऱ्या लाकडांतून शिल्पे घडविण्याचा छंद त्यांनी जोपासला. 'रॉ' या गुप्तचर संस्थेत त्यांनी सात वर्षे काम केले. या काळात त्यांची ऑस्ट्रियातही नियुक्ती झाली होती.

दहशतवादविरोधी पथक

जानेवारी २००८ मध्ये ते पथकाचे प्रमुख झाले. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात झालेल्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. स्फोटासाठी वापरलेल्या मोटारसायकलीचा माग काढत पथकाने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आदींना अटक केली. या तपासावरून करकरे यांच्यावर तीव्र राजकीय टीका झाली. मात्र तपास त्यांनी सुरूच ठेवला. पुढे हे प्रकरण राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेले आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

मृत्यू

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्ल्याचे वृत्त कळताच करकरे छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे व तेथून कामा रुग्णालयाकडे गेले. रुग्णालयालगतच्या रंगभवन गल्लीत अजमल कसाब व अबू इस्माईल यांनी पोलिसांच्या गाडीवर गोळीबार केला. त्यात करकरे यांच्यासह अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी मारले गेले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर कसाब जिवंत पकडला गेला. त्या वेळी तुकाराम ओंबळे यांना प्राण गमवावे लागले.

करकरे यांच्या अंगावरील चिलखती जाकिटाच्या दर्जाबाबत त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहिती अधिकाराखाली विचारणा केली. त्यातून पोलिसांना मिळणाऱ्या साधनसामग्रीचा प्रश्न चर्चेत आला. हल्ल्यानंतर शासनाने पोलिसांच्या प्रतिसादाच्या चौकशीसाठी राम प्रधान समिती नेमली आणि 'फोर्स वन' हे विशेष पथक उभारले.

सन्मान

२६ जानेवारी २००९ रोजी करकरे यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.