‘पाणी’ या एका शब्दाची तीन कामे

बी. एफ. स्किनर म्हटले की कळ दाबून दाणा मिळवणारा पेटीतला उंदीर आठवतो. पण स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांना बोलते करण्याच्या अनेक पद्धतींचे मूळही याच मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे.

१९०४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या स्किनर यांना व्हायचे होते लेखक. इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन वर्षभर घरी बसून लिहून पाहिले, जमले नाही. १९२८ मध्ये ते हार्वर्डला मानसशास्त्र शिकायला गेले. शब्दांची ओढ मात्र सुटली नाही. १९३४ मध्ये एका भोजनप्रसंगी तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांनी त्यांना आव्हान दिले : वर्तनाचे नियम बाकी सारे उलगडतील, पण माणसाचे बोलणे कसे उलगडणार? दुसऱ्याच दिवशी स्किनर कामाला लागले. पुस्तक यायला १९५७ उजाडले.

त्यात त्यांनी शब्दाच्या अर्थापेक्षा त्याचे काम पाहिले. तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणणे ही मागणी. नदी पाहून ‘पाणी’ म्हणणे हे नाव सांगणे. आईच्या मागोमाग ‘पाणी’ म्हणणे हे अनुकरण. एक काम जमले म्हणून दुसरे आपोआप जमेलच असे नाही.

भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये या पुस्तकाचा खरपूस समाचार घेतला. कधीच न ऐकलेली वाक्ये मूल कशी बनवते, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तरी स्वमग्न मुलांना शिकवणाऱ्यांना स्किनर यांची विभागणी उपयोगी पडली. चित्र पाहून ‘पाणी’ म्हणणारे मूल तहान लागल्यावर मात्र रडून आकांत करते. त्याला मागणी वेगळी शिकवावी लागते. चेंडू हवा असताना त्याने नुसते ‘चें’ म्हटले, तरी लगेच चेंडूच हातात द्यायचा, चॉकलेट नव्हे. मग हळूहळू पूर्ण शब्दाकडे न्यायचे.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात इव्हार लोवास यांनी तासन्‌तास सराव घेऊन न बोलणाऱ्या मुलांना शब्द शिकवले. त्या प्रयोगांत चापट आणि विजेचे झटकेही वापरले गेले. शिक्षेने वर्तन दबते, नवे काही शिकवले जात नाही, हे स्किनर यांनी आधीच लिहून ठेवले होते. आजच्या चांगल्या पद्धती खेळातून, मुलाच्या आवडीने शिकवतात. तरीही प्रत्येक मूल बोलेलच असे नाही. चित्र दाखवून किंवा खुणेने केलेली मागणीही मागणीच असते. तिने बोलणे खुंटत नाही.

१८ ऑगस्ट १९९० रोजी रक्ताच्या कर्करोगाने स्किनर यांचे निधन झाले. त्याच्या आठच दिवस आधी त्यांनी मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात भाषण दिले होते. मुलाला किती शब्द येतात हे मोजणाऱ्या पालकांनी त्यांच्या कामातून एवढे तरी घ्यावे : त्यांतल्या किती शब्दांनी त्याला हवे ते मागता येते, हेही पाहावे.