एलिनॉरची रायफल : ‘.२७०’चा बादशहा जॅक ओ'कॉनर आणि त्याच्या बायकोच्या हातातलं ‘सौम्य’ काडतूस

सगळ्यात जड बॅट घेणाराच सगळ्यात जास्त धावा काढतो असं नसतं, हे गल्ली क्रिकेट खेळणारं पोरही सांगेल. बॅट पेलली पाहिजे, चेंडू मधोमध बसला पाहिजे. बंदुकीच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांचा समज उलटा असतो. बंदूक जितकी मोठी, आवाज जितका दणदणीत, खांद्याला धक्का जितका जबरदस्त, तितकी शिकार पक्की!

हा समज खोडून काढण्यात ज्याची सगळी हयात गेली, तो अमेरिकन लेखक म्हणजे जॅक ओ'कॉनर. गंमत म्हणजे त्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्या लेखांनी दिला नाही, तो दिला त्याच्या बायकोने. चला, या जोडप्याची आणि एका शंभरी ओलांडलेल्या काडतुसाची गोष्ट जाणून घेऊया.

वाळवंटात वाढलेला मुलगा

जॅकचा जन्म २२ जानेवारी १९०२ चा. अॅरिझोनाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता, तो मिळाला १९१२ मध्ये. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि जॅकच्या वाढण्यात आईच्या वडिलांचा वाटा मोठा राहिला. शिकारीचं बाळकडू त्याला या आजोबांकडूनच मिळालं. आजूबाजूला वाळवंट, काटेरी निवडुंग आणि उघडेबोडके डोंगर. अशा मुलखात जनावर लांबून दिसतं आणि गोळीही लांबूनच झाडावी लागते. जॅकची पुढची सगळी मतं या भूगोलातून आलेली आहेत, हे लक्षात ठेवा.

१९२५ मध्ये त्याने आर्कान्सा विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९२७ मध्ये मिझुरी विद्यापीठातून एमए केलं. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं एलिनॉर बॅरीशी. पुढे त्यांना चार मुलं झाली, दोन मुलगे आणि दोन मुली.

जॅकने आधी टेक्सासमध्ये आणि मग अॅरिझोनात शिकवण्याची नोकरी केली. १९३४ मध्ये टूसॉनच्या अॅरिझोना विद्यापीठात तो पत्रकारितेचा पहिला प्राध्यापक झाला. पण तो काळ महामंदीचा! मास्तरकीच्या पगारात वाढत्या कुटुंबाचं भागणं कठीण होतं, म्हणून तो मासिकांसाठी लिहू लागला. त्याने कादंबऱ्याही लिहिल्या, पण नाव झालं ते शिकार आणि रायफलींवरच्या लेखांनी. ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकाशी त्याचं नातं जुळलं, तिथल्या बंदूकविषयक स्तंभाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि १९७२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्याच्याकडेच राहिली.

‘.२७०’चं वेड

१९२५ मध्ये विंचेस्टर कंपनीने एक नवं काडतूस बाजारात आणलं, .२७० विंचेस्टर. अमेरिकन लष्कराच्या .३०-०६ या काडतुसाची मान बारीक करून त्यात कमी व्यासाची, हलकी गोळी बसवली होती. साधारण साडेआठ ग्रॅमची ही गोळी सेकंदाला ९०० मीटरपेक्षा जास्त वेगाने सुटायची. वेग जास्त म्हणून ती लांबपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जायची. वाळवंटातल्या आणि डोंगरातल्या शिकाऱ्याला आणखी काय हवं?

जॅकने हे काडतूस अगदी सुरुवातीलाच वापरायला घेतलं आणि पुढची पाच दशकं त्याचं गुणगान केलं. त्याचा खास जीव होता तो डोंगरकड्यांवर राहणाऱ्या रानमेंढ्यांच्या शिकारीवर. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतापासून कॅनडा आणि अलास्कापर्यंत तो त्यांच्या मागे फिरला. .२७० काडतूस जगभर लोकप्रिय झालं, त्यात विंचेस्टरच्या जाहिरातींइतकाच जॅकच्या लेखणीचा हात होता असं आजही मानलं जातं.

मग विरोधक कसे नसतील? आयडाहोचा एल्मर कीथ हा तितकाच नावाजलेला बंदूक-लेखक बरोबर उलट्या मताचा होता. मोठ्या जनावराला मोठ्या व्यासाची, जड गोळीच हवी, हे त्याचं ठाम म्हणणं. दोघांचा हा वाद वर्षानुवर्षं रंगला. अमेरिकेतले शिकारीही दोन गटांत वाटले गेले, आपल्याकडे गावसकर की विश्वनाथ यावरून जसे कट्टे तापायचे अगदी तसेच.

धक्का म्हणजे नेमकं काय?

इथे थोडं विज्ञान समजून घेऊया. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल तितक्याच जोराने मागे येते. हा न्यूटनचा तिसरा नियम. हा धक्का किती बसणार हे चार गोष्टींवर ठरतं: गोळीचं वजन, गोळीचा वेग, काडतुसात भरलेली दारू आणि खुद्द रायफलचं वजन.

साधारण साडेतीन-पावणेचार किलोच्या रायफलमध्ये काही प्रसिद्ध काडतुसांचा धक्का अंदाजे असा असतो (फूट-पौंड या मापात):

- .२४३ विंचेस्टर : ९ ते १०
- ७×५७ माउझर : १२ ते १४
- .२७० विंचेस्टर : १६ ते १७
- .३०-०६ : २० च्या आसपास
- .३७५ मॅग्नम : ३५ ते ४०

खांदा दुखतो हा या धक्क्याचा लहान तोटा. मोठा तोटा वेगळाच आहे. एकदोनदा जोराचा दणका बसला की शरीर तो लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, मनगट हलतं. हे सगळं नकळत होतं. नळीचं तोंड केसभर हललं तरी दोनशे मीटरवर गोळी वीतभर किंवा त्याहून जास्त चुकते.

याची किंमत मोजतं ते जनावर. हृदय किंवा फुप्फुसावर बसलेली गोळी काही क्षणांत जीव घेते. पोटात किंवा पायात बसलेली गोळी मात्र जनावराला तासन् तास, कधी दिवसभर तडफडत ठेवते. वाघ-सिंहासारखं जनावर असेल तर त्या जखमी जनावराच्या मागे झुडपात शिरणाऱ्या माणसाच्याही जिवाशी गाठ असते. म्हणूनच काडतुसाची निवड ही खांद्याच्या सोयीपुरती राहत नाही.

एलिनॉरची निवड

जॅकच्या लेखांत एलिनॉर पुन्हा पुन्हा भेटते. तंबूत बसून नवऱ्याची वाट पाहणारी बायको ती नव्हतीच. ती स्वतः डोंगर चढायची, नेम धरायची आणि अतिशय शांत डोक्याने गोळी झाडायची. जॅकबरोबर ती अमेरिकेत आणि आफ्रिकेतही शिकारीला गेली.

.२७० चा एवढा मोठा प्रचारक, म्हणजे बायकोच्या हातातही .२७०च असणार असं कुणालाही वाटेल. पण एलिनॉरचं नाव कायमचं जोडलं गेलं ते ७×५७ माउझरशी. ७ मिलिमीटर व्यासाची गोळी आणि ५७ मिलिमीटर लांबीचं पितळी आवरण, एवढाच या नावाचा अर्थ. वरची यादी पुन्हा बघा. .२७० च्या तुलनेत हा धक्का जवळपास पाचव्या हिश्शाने कमी आणि .३०-०६ च्या तुलनेत तर एक तृतीयांशाने कमी. तरीही गोळी पुरेशी लांब आणि वजनदार असल्याने जनावराच्या शरीरात खोलवर जाते.

या रायफलने एलिनॉरने हरणांपासून आफ्रिकेतल्या मोठ्या काळविटांपर्यंत अनेक शिकारी केल्या. त्याहून जड काम असेल तेव्हा ती .३०-०६ घ्यायची. त्याच काडतुसातल्या, न फुलणाऱ्या भरीव गोळीने तिने आफ्रिकेत हत्तीही मारला. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्तीसारख्या धोकादायक जनावरांसाठी किमान .३७५ चा नियम आहे, त्यामुळे याचं अनुकरण करण्यात अर्थ नाही. पण गोळी नेमकी कुठे बसते याला किती महत्त्व आहे, ते यातून कळतं.

जॅकने स्वतः आफ्रिकेत .३७५ सारख्या मोठ्या रायफली वापरल्या होत्या, म्हणजे त्याला मोठ्या बंदुकांचं वावडं नव्हतं. त्याचा मुद्दा एवढाच होता की बहुतेक माणसांना, त्यात धट्टेकट्टे पुरुषही आले, फार धक्का देणारी रायफल नीट चालवता येत नाही. फरक इतकाच की पुरुष ते कबूल करत नाहीत.

हेच काडतूस भारतातही गाजलं होतं

आता या काडतुसाचा इतिहास पाहूया. ७×५७ हे जर्मनीच्या माउझर कंपनीचं अपत्य. १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्याने ते स्वीकारलं. १८९८ मध्ये क्युबातल्या सान हुआनच्या लढाईत मूठभर स्पॅनिश सैनिकांनी या रायफलींच्या जोरावर अमेरिकनांचं मोठं नुकसान केलं. त्यातून धडा घेऊन अमेरिकेने नवी लष्करी रायफल तयार केली, तिच्यासाठी १९०६ मध्ये .३०-०६ काडतूस आलं आणि त्यातूनच पुढे .२७० निघालं. म्हणजे नवऱ्याच्या लाडक्या काडतुसाच्या जन्मामागे कुठेतरी बायकोचं काडतूस होतं!

इंग्लंडच्या रिग्बी कंपनीने हेच काडतूस ‘.२७५ रिग्बी’ या नावाने विकलं. ‘कारामोजो’ बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच काडतुसाने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता.

आणि आपल्याकडे? १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला संपवल्याबद्दल जिम कॉर्बेटला एक रायफल भेट मिळाली. ती रायफल होती .२७५ रिग्बी. कुमाऊंच्या डोंगरांत पायी फिरणाऱ्या कॉर्बेटच्या हातात आणि अॅरिझोनातून आलेल्या एलिनॉरच्या हातात एकच काडतूस होतं, फक्त नाव वेगळं.

जॅकही वाघाच्या शिकारीसाठी भारतात येऊन गेला होता. तो काळ आता संपला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीवर बंदी आणली, आणि ते योग्यच झालं.

जोडीदारासाठी रायफल निवडताना होणाऱ्या चुका

ज्या देशांत परवाना काढून कायदेशीर शिकार चालते, तिथे आजही अनेक नवरे बायकोसाठी रायफल निवडताना त्याच त्या चुका करतात.

पहिली चूक : आपलीच जुनी, जड धक्क्याची रायफल तिच्या हातात देणं. सुरुवातच भीतीने झाली की ती भीती जाता जात नाही.

दुसरी चूक : बाईमाणूस आहे म्हणून पिसासारखी हलकी रायफल घेणं. रायफल जितकी हलकी तितका तोच धक्का जास्त जाणवतो, त्यामुळे थोडं वजन असलेलं बरं.

तिसरी चूक : दस्त्याच्या लांबीकडे दुर्लक्ष. उंच पुरुषाच्या मापाचा दस्ता लहान चणीच्या व्यक्तीला लांब पडतो, रायफल खांद्यात नीट बसत नाही आणि दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. दस्ता मापात कापून घेणं आणि मागे चांगली रबरी गादी लावणं हे काम छोटं असतं, पण फरक मोठा पडतो.

चौथी चूक : कानांचं संरक्षण न देणं. नवख्या माणसाला धक्क्याइतकाच आवाजही घाबरवतो.

काडतुसांत ७×५७ शिवाय आज पर्याय बरेच आहेत. हरणांसाठी .२४३ विंचेस्टर, आणि त्याहून मोठ्या जनावरांसाठी १९८० मध्ये आलेलं ७एमएम-०८ रेमिंग्टन, जे ताकदीत ७×५७ च्या जवळपासच आहे. धक्का सोसवेल असं काडतूस घ्यायचं आणि उरलेले पैसे सरावाच्या गोळ्यांवर खर्च करायचे, हाच यातला सोपा हिशेब.

शेवटचा प्रवास

१९४८ मध्ये ओ'कॉनर कुटुंब आयडाहो राज्यातल्या लुइस्टन या गावी राहायला गेलं आणि तिथेच स्थिरावलं. २० जानेवारी १९७८ रोजी हवाईहून परतताना, जहाजावरच जॅकचं निधन झालं. ७६ वा वाढदिवस अवघ्या दोन दिवसांवर होता.

लुइस्टनमध्ये आज त्याच्या नावाने एक संग्रहालय आहे. शिकारीचा वारसा आणि वन्यजीव संवर्धन यांची माहिती तिथे दिली जाते. काडतुसांचा विषय निघाला की शिकारी आजही जॅकच्या .२७० चं नाव काढतात. पण बायकोसाठी, मुलीसाठी किंवा खरं तर कुठल्याही नवशिक्यासाठी रायफल घ्यायची म्हटली, की उदाहरण दिलं जातं ते एलिनॉरच्या ७×५७ चं!