डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व नाण्यांची साक्ष

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं मालवण येथें झाला. त्यांचे वडील सरकारी कचेरींत कारकून होते. १८४७ सालीं वडिलांची बदली रत्नागिरीस झाली, आणि रामकृष्णांस येथील इंग्रजी शाळेचा लाभ झाला. पुढें ते मुंबईस गेले. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर झाले, त्यांत ते एक होते. त्यानंतर कांहीं वर्षांनीं रत्नागिरी हायस्कूलचे मुख्याध्यापक होऊन ते पुनः याच गांवीं आले.

दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहावयास ते बसले, तेव्हां मोठी अडचण उभी राहिली. पुराणांत राजांच्या नांवांच्या याद्या आहेत, परंतु एक यादी दुसरीशीं जुळत नाहीं. त्या काळीं रोमचे व्यापारी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सोन्याचीं नाणीं घेऊन येत. तीं ओळखणें त्या मानानें सोपें असतें. एका बाजूस बादशहाचा मुखवटा व भोंवतीं लॅटिन अक्षरांत त्याचें नांव आणि पदव्या असतात. तो कितव्यांदा कॉन्सल झाला हा आंकडा असल्यास काळहि ठरतो. आपल्या सातवाहनांच्या नाण्यांवर वर्ष नाहीं, आणि बहुतेकांवर मुखवटाहि नाहीं.

अशा स्थितींत कोल्हापुरास सांपडलेलीं जुनीं नाणीं उपयोगी पडलीं. त्यांवर धनुष्यबाणाचें चिन्ह आणि विळिवायकुर, सिवलकुर अशीं नांवें होतीं. कांहींवर जुना ठसा पुरता न मोडतां त्यावरच नवा मारलेला होता. खालचा राजा आधींचा व वरचा नंतरचा, हा क्रम त्यावरून कळला. परंतु काळ कळेना. तो रोमच्या साम्राज्यांतील एका ग्रंथानें दिला. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत लिहिलेल्या भूगोलांत हिप्पोकूरा नगराचा बलेओकूरोस व पैठणचा पोलेमाइओस हे राजे येतात. बलेओकूरोस म्हणजे नाण्यांवरील विळिवायकुर व पोलेमाइओस म्हणजे लेखांतील पुळुमायी, असें भांडारकरांनीं ताडून पाहिलें. १८८४ सालीं त्यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास इंग्रजींत प्रसिद्ध झाला. त्यावर ते थांबले नाहींत; नवा पुरावा घेऊन १८९५ सालीं त्यांनीं सुधारलेली आवृत्ति काढली.

विळिवायकुर हे सातवाहनांचे सुभेदार असावेत, असें त्यांचें मत होतें. पुढील संशोधकांनीं त्यांस कोल्हापूरचें निराळें राजघराणें मानलें. तें मत मागें पडलें, तरी एका साक्षीवर न विसंबतां दुसरी शोधण्याची त्यांची रीत टिकली. १९१७ सालीं पुण्यास त्यांच्या नांवानें संशोधन मंदिर स्थापन झालें. त्यास त्यांनीं आपला ग्रंथसंग्रह दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजीं ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, शेतांत किंवा पडक्या भिंतींत जुनें नाणें हातीं लागल्यास तें घांसूं नका, वितळूं देऊं नका; सरकारी कचेरींत कळवा. पुसलेला ठसा भांडारकरांसारख्या पंडितासहि वाचतां येत नाहीं.