एली व्हिटनी : कापसाच्या यंत्राची दुसरी बाजू

विद्यार्थी मित्रांनो, औद्योगिक क्रांतीचा धडा आला की आपण शोध आणि संशोधक यांच्या जोड्या जुळवतो. सरकी काढण्याचं यंत्र – एली व्हिटनी. एक गुण मिळाला, विषय संपला! पण या एका यंत्रानं अमेरिकेतल्या लाखो माणसांचं आयुष्य बदललं. कुणाचं सुधारलं, तर कुणाचं पार उद्ध्वस्त झालं. म्हणून आज व्हिटनीचं चरित्र जरा सावकाश पाहू.

बालपण आणि शिक्षण

एली व्हिटनीचा जन्म ८ डिसेंबर १७६५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात वेस्टबरो या गावी झाला. घर शेतकऱ्याचं, पण एलीचं मन शेतापेक्षा वडिलांच्या छोट्या कारखान्यात जास्त रमायचं. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात इंग्लंडचा माल येईनासा झाला आणि साध्या खिळ्यांचीही टंचाई झाली. तेव्हा या शाळकरी वयाच्या मुलानं खिळे बनवून विकायला सुरुवात केली. पुढं शाळेत शिकवून त्यानं पैसे जमवले, तेविसाव्या वर्षी येल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १७९२ मध्ये पदवी मिळवली.

कापसाचं यंत्र

पदवीनंतर शिकवणीची नोकरी करायची म्हणून तो दक्षिणेकडं निघाला. ती नोकरी काही जमली नाही. पण जॉर्जिया प्रांतात कॅथरीन ग्रीन या सेनापतीच्या विधवा पत्नीच्या मळ्यावर तो राहिला. तिथं त्याच्या कानावर एकच तक्रार पडायची – कापूस पिकतो, पण सरकी निघत नाही.

लांब धाग्याच्या कापसाची सरकी दोन रुळांमध्ये दाबून काढता येत असे. तशी हातयंत्रं आपल्याकडं भारतात तर फार पूर्वीपासून होती. पण जॉर्जियाच्या आतल्या भागात आखूड धाग्याचा कापूस यायचा आणि त्याची सरकी तंतूंना घट्ट चिकटून बसायची. एक माणूस दिवसभर बसला तरी जेमतेम अर्धा किलो कापूस साफ व्हायचा.

व्हिटनीनं १७९३ मध्ये यंत्र तयार केलं. लाकडी गोल रुळावर तारेचे दात बसवले. रूळ फिरला की दात कापसाचे तंतू अरुंद फटींतून ओढून घ्यायचे. सरकी मोठी असल्यामुळं अलीकडंच अडकायची. दुसरा ब्रश उलट फिरून दातांवरचा कापूस झाडून काढायचा. इतकं साधं! या यंत्रावर एका दिवसात सुमारे २२ किलो कापूस साफ होऊ लागला. १४ मार्च १७९४ रोजी त्याला पेटंट मिळालं.

पण यंत्र साधं होतं हीच अडचण ठरली. व्हिटनी आणि त्याचा भागीदार मिलर सरकी काढून देण्याबद्दल कापसाचा दोन पंचमांश हिस्सा मागत. शेतकऱ्यांना ते परवडेना. गावोगावच्या सुतार-लोहारांनी नकला केल्या. खटले चालले, वर्षं गेली. हाती फारसं काही लागलं नाही.

श्रम वाचले, पण कुणाचे?

आता खरा प्रश्न. सरकी काढण्याचे कष्ट कमी झाले, मग गुलामांचे कष्ट कमी झाले का? नाही, उलटंच झालं. कापूस फायद्याचा ठरला म्हणून मळे वाढले. लागवड आणि वेचणी मात्र हातानंच करावी लागे. त्यासाठी मळेवाल्यांना आणखी गुलाम हवे होते. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ही संख्या ३९ लाखांच्या पुढं गेली. आईबापांपासून मुलं तोडून नव्या मळ्यांसाठी विकली गेली.

कापसाबरोबर वाहतूक आणि कामाची पद्धतही बदलली. मिसिसिपी नदीतून वाफेच्या बोटी कापसाचे गठ्ठे न्यू ऑर्लिन्सला नेऊ लागल्या. तिथून माल इंग्लंडच्या आणि उत्तर अमेरिकेच्या गिरण्यांत जायचा. लॉवेल गावच्या गिरण्यांत शेतकऱ्यांच्या तरुण मुली घंटेच्या ठोक्यावर रोज बारा-तेरा तास काम करू लागल्या. सूर्य पाहून काम करणारी माणसं घड्याळाची झाली.

बंदुकांचा कारखाना

व्हिटनीनं १७९८ मध्ये सरकारकडून १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं. मुदत दोन वर्षांची. काम पूर्ण व्हायला दहा वर्षांहून अधिक लागली! पूर्वी एकच कारागीर अख्खी बंदूक घडवायचा. व्हिटनीला प्रत्येक भाग यंत्रानं हुबेहूब सारखा बनवायचा होता, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला बसेल. ही कल्पना त्याच्या आधी फ्रान्समध्ये निघाली होती आणि त्याच्या बंदुकांचे भाग पूर्णपणे एकसारखे नव्हते, असं इतिहासकार सांगतात. तरी या विचाराचा प्रसार त्यानं जोरात केला. ८ जानेवारी १८२५ रोजी न्यू हेवन इथं त्याचं निधन झालं.

आपल्याशी काय संबंध?

गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या भारताकडं वळल्या. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक कंपन्या बुडाल्या.

मित्रांनो, व्हिटनीनं गुलामगिरी वाढावी म्हणून यंत्र केलं नव्हतं. पण यंत्र कुणाच्या हातात आहे, यावर त्याचा फायदा कुणाला होणार हे ठरतं. पुढच्या वेळी एखाद्या शोधाचं नाव पाठ कराल, तेव्हा हा प्रश्नही विचारा – वाचलेले श्रम गेले कुणाच्या पदरात?