191 वाघांच्या शिकारीत असलेल्या साहेबाच्या नावानं खान्देशच्या वेशीवर अभयारण्य आहे

शनिवार-रविवार जोडून आला की चाळीसगावच्या पोरांचा प्लॅन ठरलेला असतो. पाटणादेवी, नाहीतर पितळखोरा, नाहीतर नुसताच कन्नडचा घाट. धुळे-सोलापूर रस्त्यावरचा हा घाट दोन गोष्टींसाठी फेमस आहे. पावसाळ्यातली हिरवळ आणि बारा महिने होणारी ट्रॅफिक जाम.

त्या जाममध्ये अडकलात की बोर्डांकडे नीट बघा. घाटाचं दुसरं नाव दिसेल, औट्रम घाट. आजूबाजूच्या जंगलाचं सरकारी नावसुद्धा गौताळा औट्रमघाट अभयारण्य. 1986 साली जाहीर झालेलं, साधारण 260 चौरस किलोमीटरचं, काही जळगाव जिल्ह्यात आणि काही छत्रपती संभाजीनगरमध्ये.

आता अभयारण्य म्हणजे जिथं प्राण्यांना अभय आहे ती जागा. आणि औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. खान्देशात काढलेल्या दहा वर्षांत हा माणूस 191 वाघांच्या शिकारीला जातीनं हजर होता.

गंमत अशी की त्याला खान्देशात पाठवलं होतं ते वाघ मारायला नाहीच. पाठवलं होतं भिल्लांचा बंदोबस्त करायला.

थोडं मागं जाऊ. औट्रमचा जन्म 29 जानेवारी 1803 चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. बाप बेंजामिन औट्रम नावाजलेला इंजिनीअर होता, पण पोरगं दोन वर्षांचं असतानाच तो गेला. आईनं ओढाताण करत मुलं वाढवली. अशा घरातल्या मुलांसाठी तेव्हा एक ठरलेला मार्ग होता, तो म्हणजे कंपनीची नोकरी. ऑगस्ट 1819 मध्ये सोळा वर्षांचा औट्रम मुंबईच्या बंदरात उतरला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूर नदीच्या वळणावर त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. म्हणजे साहेब लोकांची शिकार या डोंगरात औट्रमच्या आधीपासूनच सुरू होती.

खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला 1818 ला, पेशवाई बुडाल्यावर. हातात आला तो जवळपास उजाड मुलूख होता. 1803 च्या सुमाराला होळकर-शिंद्यांच्या फौजांनी तो तुडवला, पाठोपाठ दुष्काळ पडला. गावंच्या गावं उठली, शेतात झाडी माजली, आणि माणसं गेली तिथं वाघ आले.

डोंगरात होते भिल्ल. पिढ्यानपिढ्या घाट राखायचे, गावांची रखवाली करायची आणि त्याबदल्यात हक्क घ्यायचे, ही त्यांची व्यवस्था होती. ती मोडली तसे त्यांचे नाईक लढायला उठले. उत्तर पेशवाईत बाळाजी लक्ष्मण नावाच्या सुभेदारानं भिल्लांना बोलणी करायला म्हणून कोपरगावला बोलावलं आणि घेरून कापून काढलं, कित्येकांना विहिरीत फेकलं. नंतर इंग्रज आले, त्यांनीही सुरुवातीला पलटणीच पाठवल्या. सपाटीवर जिंकणाऱ्या त्या पलटणी सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या रांगेत हिवतापानंच अर्ध्या व्हायच्या.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसांनी सरकारच्या बोलावण्यावर विश्वास का ठेवावा?

1825 मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं धोरण बदललं. भिल्लांसाठी तीन एजन्सी उघडल्या : कुकरमुंडा, कन्नड आणि धरणगाव. शेतीला जमीन, बैलांसाठी तगाई, जुने गुन्हे माफ. आणि धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी करायची, म्हणजे डोंगराची रखवाली डोंगरातल्याच माणसांकडे. हे काम मिळालं औट्रमला. वय वर्षं 22.

त्यानं सुरुवात लढाईनंच केली, हे सांगायलाच पाहिजे. आधी फौज घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर छापे घातले, माणसं धरली. मग त्या कैद्यांपैकी काहींना सोडून त्यांच्यामार्फत नाईकांकडे निरोप धाडले. त्यानंतर मात्र तो एकटाच, पहाऱ्याशिवाय, त्यांच्या जंगलात जाऊन राहायला लागला. सोबत दारू नेली, ती त्यांच्यात बसून प्यायला आणि तिथंच झोपला. एवढं करून पहिल्यांदा पलटणीत यायला तयार झाले किती? पाच जण.

पाचाचे पुढं शेकडो झाले, त्यात सगळ्यात मोठा वाटा शिकारीचा होता.

कारण शिकार एकट्यानं होत नाही, त्याची आखणी लागते. खान्देशात वाघाची शिकार उन्हाळ्यात. पानं गळालेली असतात, लांबचं दिसतं, नाले आटतात आणि मोजक्या पाणवठ्यांशिवाय जनावराला पर्याय राहत नाही. कुठला पाणवठा जिवंत आहे, पाऊल रात्रीचं आहे की पहाटेचं, वाघ कुठल्या घळीत सावलीला बसला असेल, हाका कुठून घातला तर तो कुठं निघेल, यातलं काहीही साहेबाला माहीत नव्हतं. भिल्लांना सगळं माहीत होतं. म्हणजे आखणी त्यांची, बंदूक साहेबाची, आणि घळीत उतरताना दोघांचा जीव एकमेकांच्या हातात. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या माणसांना ओळख करून घ्यायला याहून जोरदार जागा कुठली?

किस्सेही तसलेच. औट्रमच्या इंग्रजी चरित्रात एक आहे. जखमी वाघानं झेप घेतली, दोघं गडगडत उताराला गेले, औट्रमनं कसाबसा हात मोकळा करून पिस्तूल झाडलं. रक्तबंबाळ साहेब बघून भिल्ल हळहळायला लागले, तर हा म्हणाला की मांजरानं ओरबाडल्याचं काय एवढं. दुसरा किस्सा तर सिनेमात शोभावा. वाघीण दाट झाडीत दडलेली, नेम मिळेना. औट्रमनं भिल्लांची पागोटी एकमेकांना बांधायला लावली, ती स्वतःच्या काखेखालून घेतली आणि झाडाच्या फांदीला लोंबकळत वरून गोळी घातली. यात मीठ-मसाला किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं, कारण सांगणारे सगळे साहेबाच्याच बाजूचे आहेत.

आकडे मात्र लिहून ठेवलेले आहेत. 1825 ते 1834 या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी 235 वाघ मारले. त्यातले 44 तो हजर नसताना. उरलेल्या 191 वेळी तो तिथं होता. शिवाय 25 अस्वलं, 12 रानरेडे, 15 बिबटे. हा हिशेब साहेबांचा आहे. माग काढणारे आणि हाक्याला उभे राहणारे भिल्ल यात कुठं मोजलेले नाहीत.

पलटणीचं नाव पडलं खान्देश भिल्ल कोअर. ती मालेगावच्या छावणीत गेली तेव्हा तिथल्या उच्चवर्णीय शिपायांनी भिल्लांना सोबत बसवून पान-सुपारी दिली, असं सांगतात. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. हीच पलटण 1830 मध्ये डांगच्या भिल्ल राजांवर चालवून नेली. एका डोंगरातले भिल्ल दुसऱ्या डोंगरातल्या भिल्लांवर, आणि पुढं साहेब. धोरण यशस्वी झालं म्हणजे काय झालं, ते इथं कळतं.

1835 मध्ये औट्रमनं खान्देश सोडला. पुढची कारकीर्द पुस्तकं भरून आहे, आपण पळतपळत जाऊ. अफगाण युद्ध, मग सिंध, तिथं चार्ल्स नेपिअरशी जाहीर भांडण. बडोद्याचा रेसिडेंट असताना दरबारातून मुंबईपर्यंत चालणारी लाचखोरी त्यानं उघड केली. या वशिलेबाजीला नाव होतं आपला अस्सल मराठी शब्द, खटपट, आणि तो तसाच्या तसा इंग्रजी कागदपत्रांत गेला. बक्षीस काय मिळालं, तर बडोद्यातून उचलबांगडी. 1856 ला अवध खालसा झालं तेव्हा लखनौचा रेसिडेंट हाच, आणि 1857 ला त्याच लखनौत वेढ्यात अडकलेला सेनापतीही हाच.

तो लखनौत लढत होता त्या काळात इकडं त्याच्या जुन्या मुलखात काय चाललं होतं? शिरपूरच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाची राखण करायला कंपनीनं ज्यांना नेमलं होतं, ते खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठले होते. भीमा नाईक सोबत होते. एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यात आंबापाणीला मोठी लढाई झाली, कित्येक भिल्ल मारले गेले, बायकांनाही कैद केलं गेलं. घाटाची रखवाली पगारावर देऊन प्रश्न मिटला, असं तीस वर्षं समजणाऱ्या सरकारला हे उत्तर होतं.

11 मार्च 1863 ला फ्रान्समधल्या पो शहरात औट्रम वारला. त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये पुरलं. घोड्यावरचा त्याचा पुतळा कोलकात्याला व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. खान्देशात पुतळा नाही, घाट आहे.

आणि वाघ? ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गौताळ्याच्या रांगेतून संपले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तोवर इथं वाचवायला वाघच उरला नव्हता. आज या डोंगरात बंदूक घेऊन शिरलात तर थेट जेल. कॅमेरा चालतो.

मार्च 2021 मध्ये वनखात्याच्या अशाच एका कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. पट्टे जुळवून बघितले तर तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. शेकडो किलोमीटर शेतं, रस्ते आणि गावं ओलांडत, एकटाच चालत तो औट्रमच्या घाटापर्यंत आला होता.