पोटशूळाचा अध्याय

गेल्या मार्गशीर्षात माझा गुरुचरित्राचा सप्ताह तिसऱ्याच दिवशी मोडला. पोटाचं जुनं दुखणं उठलं, आसनावर बसवेना. त्याच सुमारास मुलगा भांडून घराबाहेर पडला होता. पारायण मोडलं म्हणून हे सगळं, की आपल्याच कमकुवतपणानं पारायण मोडलं, याचा घोळ मनात वर्षभर चालला. पोथी फडक्यात बांधली ती बांधलीच. देवघरासमोरून जाताना मान खाली जायची.

श्रावणात प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी महाराजांच्या जयंतीला त्यांचं चरित्र हाती घेतलं. पूर्वी कैक वेळा वाचलेलं, पण तेव्हा चमत्कारच दिसायचे. या खेपेला संसार दिसला.

महाराज १८५४ साली सावंतवाडीजवळच्या माणगावात जन्मले. वडील गणेशभट्ट दत्तभक्त, वेदाध्ययन आजोबा हरिभट्टांकडे. एकविसाव्या वर्षी अन्नपूर्णाबाईंशी लग्न झालं. म्हणजे आपल्यासारखेच गृहस्थाश्रमी! घरची गरिबीच, भिक्षुकीवर चालायचं. नरसोबाच्या वाडीची ओढ लागली, अनुग्रह झाला, आणि माणगावात १८८३ साली दत्तमंदिर उभं राहिलं. सात वर्षं तिथली सेवा झाल्यावर दत्तमहाराजांची आज्ञा मानून, जमलेला सगळा थाट तिथेच ठेवून पतिपत्नी बाहेर पडली. पुढे एक अपत्य झालं, तेही मृत. आणि १८९१ साली गोदाकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाईंनी देह ठेवला. त्यानंतर महाराजांनी संन्यास घेतला, उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला.

आता माझ्या पोटाशी आलेली गोष्ट. महाराजांना संग्रहणी होती. वर्षानुवर्षं. त्या शरीरानं त्यांनी हिमालयापासून दक्षिणेपर्यंत पायी प्रवास केला, वाहन नाही, स्वतःच्या नेमधर्मात तसूभर सवलत नाही. औषधोपचाराचं ज्ञान होतं, दुसऱ्यांना औषधं सांगत. पण स्वतःची व्याधी काही सुटली नाही.

आणि याच महाराजांनी गुरुचरित्र संस्कृतात उतरवलं, एकदा नव्हे, द्विसाहस्री आणि समश्लोकी अशा रूपांत. मी थबकलो ते इथे. अहो, त्या गुरुचरित्रात तेरावा अध्याय आहे. पोटशूळानं गांजलेला ब्राह्मण नदीत जीव द्यायला निघतो, श्रीगुरू त्याला थांबवतात, सायंदेवाकडे पोटभर जेवू घालतात, आणि शूळ जातो. पुढे शिरोळच्या बाईचं मेलेलं मूल औदुंबरापाशी जिवंत होतं. हे दोन्ही प्रसंग संस्कृतात आणणाऱ्याचं स्वतःचं पोट बरं झालेलं नाही, आणि त्याच्या घरचं मूल उठलेलं नाही! लिहिताना त्यांच्या मनात काय आलं असेल, मला कळायचं नाही. पण त्यांनी तो अध्याय गाळला नाही, आणि श्रीगुरूंवर रुसलेही नाहीत. १९०५ साली वाडीला करुणात्रिपदी रचली, तीत तर भक्तच आपले अपराध कबूल करून रागावलेल्या मायबापाची मनधरणी करतो. आपल्या मंदिरांत रोज म्हणतो ती हीच. मी चाळीस वर्षं म्हणत होतो, पण अपराधी म्हणून दारात उभं राहायची परवानगी तीत आहे, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

१९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदाकाठी गरुडेश्वरला महाराज समाधिस्थ झाले.

त्या रात्री मी फडकं सोडलं. सप्ताह माझ्याच्यानं होत नाही, तर होत नाही. आता खुर्चीवर बसून रोज जमतील तेवढ्या ओव्या वाचतो. पोट दुखलं की थांबतो, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. आमची ही शेजारी बसून ऐकते, अधूनमधून दाराकडे बघते. मुलगा अजून आलेला नाही. परवा तेरावा अध्याय पुरा झाला, काल चौदावा लावला.